समोर जायचं नाही

तुम्ही खोटं बोललात. अगदी खोटं नसेल, तर अर्धं बोललात. आणि उरलेलं अर्धं सांगायला तुमच्या तोंडाला काय कुलूप लागलं होतं? शिकवायला म्हणून उभे राहिलात, गळ्यात शिट्टी, कमरेवर हात, आणि एका कोवळ्या पोरीच्या अंगात एक वाक्य ठोकून मोकळे झालात. पुढे त्या वाक्याने तिचं काय केलं, हे बघायला एकदा तरी वळलात का मागे? सल्ला देणाऱ्याचं बरं असतं. तो देतो, चहा पितो, घरी जातो. ज्याला मिळतो तो ते ओझं उराशी धरून जन्मभर पोहत बसतो.

हे ती मोठ्याने बोलत नव्हती. कपडे बदलायच्या खोलीत ओल्या बाकावर, डोक्यावर टॉवेल घेऊन, मनातल्या मनात बोलत होती; आणि ज्यांच्याशी बोलत होती ते मास्तर गेल्या हिवाळ्यात वारले होते, म्हणजे उत्तराची सोयच नव्हती. बाहेर तलावात सकाळची शेवटची तुकडी हातपाय मारत होती. क्लोरीनचा वास, नळाची टिपटिप, कुणाची तरी एकटी पडलेली रबरी चप्पल. झालं होतं ते इतकंसं, की सांगितलं तर कुणीही हसेल; आणि हसलेच होते सगळे. एक जाडजूड गृहस्थ खोल बाजूला गेला, पायात गोळा आला, आणि तो गप्प झाला. बुडणारा ओरडत नाही. तो उभा होतो, मान मागे टाकतो, तोंड पाण्याच्या रेषेवर येतं आणि डोळे काचेचे होतात. जीवरक्षकाच्या उंच खुर्चीवरून तिने ते पाहिलं, उडी मारली, वळसा घालून त्याच्या पाठीमागे गेली, काखेतून हात घातला, हनुवटी वर धरली आणि ओढत काठाला आणलं. चित्र काढून भिंतीवर लावावं इतकं बिनचूक. तोवर तिकीट खिडकीवरचा माणूस टॉवेल घेऊन धावत आला होता आणि गृहस्थासमोर उकिडवा बसला होता. गृहस्थाने खोकून खोकून पाणी काढलं, डोळे उघडले, समोरचा चेहरा पाहिला आणि त्याचे दोन्ही हात घट्ट धरून ढसाढसा रडायला लागला. "भाऊ, तुम्ही नसता तर माझी पोरं उघड्यावर पडली असती हो! हा चेहरा मरेपर्यंत विसरणार नाही मी." तिकीटवाला, जो गुडघाभर पाण्यातही पाय घालत नाही, तो म्हणत राहिला, "अहो, मी नाही, या मॅडमनी," पण गृहस्थाला ऐकायचंच नव्हतं. त्याला चेहरा मिळाला होता. शेवटी तिकीटवाल्याने तिच्याकडे बघून डोळे मिचकावले. "बघा मॅडम, मी खिडकीत बसून नुसती तिकिटं फाडतो असं वाटत होतं ना तुम्हाला?" सगळे हसले. तीही हसली, चांगली पोट धरून हसली, आणि मग खोलीत येऊन बसली तेव्हा ते हसू घशात काट्यासारखं आडवं झालं. इतक्या वर्षांत आपण जेवढ्यांना बाहेर काढलं त्यातल्या एकानेही आपलं तोंड पाहिलेलं नाही. त्यांना आठवत असेल तो हनुवटीखालचा एक हात. हाताला काय, हात कुणाचाही असतो.

बुडणाऱ्याच्या समोर जायचं नाही, पोरी. हे ते वाक्य. मास्तरांनी ते आधी तोंडाने सांगितलंच नव्हतं. ते स्वतः खोल पाण्यात गेले, म्हणाले, मी बुडतोय, वाचव मला. ती काठावरून सरळ सूर मारून त्यांच्यापुढे गेली, जशी कुणीही शहाणी मुलगी जाईल, कारण ज्याला मदत करायची त्याच्या पुढ्यात जायचं असतं असं तिला तोवर वाटत होतं. मास्तरांनी तिच्या गळ्याला मिठी मारली. खोटी नाही, खरी. ती खाली गेली, लाथा मारल्या, बोचकारलं, डोळ्यांपुढे आधी हिरवं आलं, मग काळं आलं, तरी मिठी सुटेना. आणि आपण मरतोय हे तिला जेव्हा पक्कं कळलं, तेव्हा त्यांनी तिला वर आणलं, काठावर पालथी घातली, आणि ती नाकातोंडातून पाणी ओकत असताना तिच्या कानाशी शांतपणे म्हणाले, "बुडणाऱ्याच्या समोर जायचं नाही, पोरी. तो वाईट नसतो, पण तो तुला घेऊन जातो. पाठीमागून जायचं. आणि धरलंच त्याने, तर वर यायला धडपडायचं नाही, खाली जायचं. तुझ्याबरोबर तो खाली येत नाही. सोडतो." लोकांना सल्ले कानातून मिळतात. तिला तो नाकातून मिळाला, पाण्याबरोबर, आणि जे नाकातून आत जातं ते असं सहजासहजी बाहेर पडत नाही. मास्तर निवृत्त झाले तेव्हा व्यवस्थापकाने तेच वाक्य सुबक अक्षरांत लिहून, चौकट करून कचेरीत टांगलं. येणारेजाणारे वाचतात आणि म्हणतात, वा, हे काय नुसतं पाण्यापुरतं आहे होय! आयुष्याला लागू आहे. माना डोलावतात. घरी जाऊन आपापल्या बुडणाऱ्यांना सोडून देत असतील, काय सांगावं.

फोन वाजला तेव्हा तिने भावजयीचं नाव बघितलं आणि सवयीने विचार केला, काय पाठवायचं राहिलं? गेले कित्येक महिने ती पाठवतच होती. धाकटा भाऊ, ज्याला चाळिशी उलटली तरी सगळे टिल्लूच म्हणत, चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायचा. तो एके दिवशी दुपारी घरी आला आणि झोपला, आणि मग उठलाच नाही. म्हणजे जेवायला उठायचा, न्हाणीघरात जायचा, पण उठला नाही. तिने डबे पाठवले. चांगला डॉक्टर शोधून पाठवला, गोळ्या वेळेवर मिळाव्यात म्हणून औषधवाल्याला सांगून ठेवलं. टिल्लूच्या जुन्या मित्रांना एकेक करून फोन केले, "माझं नाव सांगू नका, सहज आलो म्हणा." ते सहज गेले आणि तितक्याच सहज परत आले.

"ताई," भावजय म्हणाली. तिच्या आवाजात रडं नव्हतं, ते कधीच संपलं होतं. "काल यांनी सगळे चांगले शर्ट वॉचमनला दिले."

"दिले म्हणजे?"

"इस्त्री करून दिले. बसून एकेक इस्त्री केला. मला वाटलं, बरं वाटतंय वाटतं, दुकानात जाणार. मी खुळी, चहा ठेवला आनंदाने. सकाळी खाली उतरले तर वॉचमन यांच्या शर्टात उभा."

तिने टॉवेल डोक्यावरून खाली ओढला.

"डॉक्टरांना कळवलं का?"

"कळवलं. संध्याकाळी न्यायचंय त्यांच्याकडे, ते म्हणाले तोवर एकटं सोडू नका. मला आता तास-दोन तास कामावर तोंड दाखवावंच लागेल, नाहीतर ते काढतील मला. तुम्ही या."

"मी असं करते, यांना पाठवते. किंवा तो शेजारचा…"

"ताई." भावजय थांबली, आणि मग जे बोलली ते बहुधा फार दिवस दाताखाली धरून ठेवलेलं होतं. "तुम्ही डबा पाठवता. डॉक्टर पाठवता. मित्र पाठवता. तुम्ही येत नाही. आलात तर दारातून मला विचारता, कसा आहे? हे आत असतात हो. ऐकत असतात. आज तुम्ही या. हात हलवत या."

ती अंग पुसून, ओल्या केसांनीच बाहेर पडली. खुर्चीवर दुसऱ्याला बसवलं. तिकीटवाला म्हणाला, "मॅडम, कुणी बुडालं तर मी आहेच!" ती नेहमीसारखं झणझणीत उत्तर न देता फाटकाकडे चालत राहिली. रस्त्यावर दुपार व्हायला आली होती. दुकानांच्या काचांवर ऊन असं बसलं होतं की आतलं काही दिसू नये. बस आली, ती चढली, उभीच राहिली, आणि दांडा धरलेल्या आपल्या हाताकडे बघत राहिली. हा हात. ह्या हाताने तिने आपलं सगळं घर ओढत काठाला आणलं होतं, असं तिला आजवर वाटायचं. नवऱ्याची नोकरी गेली तेव्हा तो स्वयंपाकघरात खुर्चीवर बसून ओट्याकडे बघत राहायचा, आणि ती दाराशी येऊन त्याची पाठ बघून परत फिरायची. पण नुसती फिरायची नाही. त्याच्या मित्रांना गाठायची, त्याच्या जुन्या साहेबाच्या बायकोला तलावावर फुकट शिकवायची, शब्द टाकायची. नोकरी लागली. आजही चार माणसांत बसला की नवरा म्हणतो, "माझ्या पडत्या काळात मित्र उभे राहिले, म्हणून तरलो." ती चहाचे कप गोळा करत असते. तिला कधी राग आला नाही. उलट बरं वाटायचं, कसं बिनबोभाट काढलं बाहेर, एक ओरखडा न येता. नातेवाईक म्हणायचे, पाठीशी उभी राहावी तर हिच्यासारखी. खरंच होतं ते. पाठीशीच उभी होती. नवरा-बायको म्हणून इतकी वर्षं नीट गेली, भांडण नाही, तंटा नाही, चांगल्या शेजाऱ्यांसारखी. पण त्या महिन्यांत तो ओट्याकडे बघत काय विचार करत होता हे तिला आजतागायत माहीत नाही, आणि आता विचारणं म्हणजे काय विचारणं?

आणि आई. बसने वळण घेतलं, कुणाचा तरी कोपर तिच्या बरगडीत बसला, आणि ती नको नको म्हणत असतानाही आई डोळ्यांपुढे आली. इस्पितळातली खाट, खिडकीत ठेवलेली पाण्याची बाटली, आईचं लहान झालेलं तोंड. ती खाटेच्या उशाशी उभी होती, डोक्यामागे, उशा सारख्या करत. आईने हात वर करून, मागे न बघताच, तिचं मनगट धरलं. इतक्या वाळलेल्या हातात एवढी ताकद कुठून आली असेल? ती घाबरली. आणि तिच्या अंगाने, तिला न विचारता, जे शिकवलं होतं ते केलं. ती खाली झाली. अक्षरशः गुडघ्यांत वाकली, खांदा टाकला, मनगट फिरवलं, आणि हात सुटला. "औषध घेऊन येते हां," ती म्हणाली. खालच्या मजल्यावर औषधांच्या खिडकीपुढे रांग होती, मोठी, आणि रांगेत उभं राहिल्यावर तिला काय वाटलं? बरं वाटलं. रांग आणखी मोठी असती तर चाललं असतं असं वाटलं. वर आली तेव्हा परिचारिका खाटेभोवतीचा पडदा ओढत होती. तुम्ही म्हणाला होतात मास्तर, तो सोडतो. बरोबर म्हणालात. आईने सोडलं. तुमची विद्या शंभर टक्के खरी ठरली, आता मला सांगा, ह्यात वाचलं कोण?

टिल्लूच्या इमारतीखाली वॉचमन उभा होता. निळ्या बारीक रेघांचा शर्ट, कडक इस्त्रीचा. त्याने तिला ओळखून सलाम केला, आणि मग तिची नजर कॉलरवर अडकलेली बघून ओशाळला. "मी नको म्हणत होतो, साहेबांनीच…" ती मान हलवून पुढे झाली. भावजयीने दार उघडलं तेव्हा तिच्या पायांत आधीच बाहेरच्या चपला होत्या. "खोलीत आहेत," एवढंच म्हणून भावजय जिना उतरली. तिच्या पावलांचा आवाज खालपर्यंत ऐकू आला, मग तोही गेला. घरात फक्त फ्रिजची घरघर राहिली.

खोलीचा पडदा अर्धा ओढलेला होता. लोखंडी पलंग भिंतीला चिकटलेला, आणि टिल्लू भिंतीकडे तोंड करून कुशीवर निजलेला. म्हणजे पाठ तयारच होती. ती पलंगाच्या कडेवर बसली आणि तिचा हात आपसूक त्या पाठीवर गेला. बनियनखाली मणके लागले. लहानपणी ह्याच पाठीखाली हात धरून तिने त्याला पाण्यावर उताणं तरंगायला शिकवलं होतं. हात काढू नकोस हां ताई, काढलास तर सांग. तिने न सांगताच काढला होता, आणि तो तरंगत राहिला होता, आणि मग कळल्यावर किती हसला होता.

"कोण?"

"मी आहे."

"ताई?" तो हलला नाही. "आज डबा नाही पाठवलास?"

"मीच आले."

"अरे बाप रे. म्हणजे बरंच बिघडलंय वाटतं माझं."

तिला हसू आलं आणि ते आल्याचाच राग आला. "शर्ट का दिलेस रे?"

"त्याला बरोबर बसतात. खांदे सारखेच आहेत आमचे. डोळ्यांचा धंदा ना आपला, माप चुकत नाही."

"टिल्लू, वेडेपणा करू नकोस."

"बरं."

हे 'बरं' तिला पाण्यातल्या शिशासारखं वाटलं, हळूच सुटलेलं आणि सरळ तळाशी चाललेलं. ती पाठीवर हात फिरवत राहिली. संध्याकाळी डॉक्टरकडे जायचंय, असं म्हणाली. तो म्हणाला, जाऊ की. नवीन गोळ्या देतील. देऊ देत. थोडं फिरायला जाऊ या का? बघू. प्रत्येक वाक्याला तो होच म्हणत होता, आणि तिला कळत होतं की इथे धरायला काही नाही, की हा भिंतीसारखा गुळगुळीत होऊन बसलाय.

"काय होतं तुला नक्की?" तिने विचारलं. पाठीला विचारलं.

तो भिंतीलाच सांगितल्यासारखं बोलला. "दुकानात काय करायचो मी? समोर बसायचो. एक काच लावायची, विचारायचं, हे स्पष्ट दिसतं? मग दुसरी लावायची. की हे? दिवसभर तेच. हे बरं की ते बरं. एके दिवशी एक बाई म्हणाल्या, मला दोन्ही सारखंच दिसतंय. आणि मला वाटलं, अरे, मलाही. काचांचं नाही म्हणत मी. सगळंच. उठलं, नाही उठलं. हे बरं की ते बरं? सारखंच." मग जरा वेळाने, अगदी साध्या आवाजात, कुठलाही टोमणा न मारता तो म्हणाला, "अख्ख्या गावाचे डोळे तपासले मी, ताई. तुझे नाही तपासले. तू चष्मा केलास तेव्हासुद्धा भावजींबरोबर नुसता नंबर पाठवलास."

तिचा हात पाठीवर थांबला. हे तिच्या ध्यानातही नव्हतं. वेळ नव्हता, तलाव होता, नंबर माहीतच होता, मग कशाला उगाच, असं काहीतरी असेल. पण दुकानातली ती उंच खुर्ची तिला दिसली, आणि समोर टिल्लू, हातभरही अंतर नाही, तिच्या डोळ्यांत उजेड टाकून बघणारा. नाही. तिथे ती गेली नसती. कधीच गेली नसती.

ती उठली. पलंगाला वळसा घालून पलीकडे जायला जागाच नव्हती, पलीकडे भिंत होती. तिने पलंगाच्या पायथ्याची दांडी धरली आणि ओढली. पलंग हलला नाही. तिने पाय रोवून, दात आवळून पुन्हा ओढला, आणि पलंग टिल्लूसकट फरशीवरून असा किंचाळत सरकला की खालच्या मजल्यावर कुणीतरी छताला काठी ठोकली. "काय करतेयस?" टिल्लू म्हणाला. त्याच्या आवाजात फार दिवसांनी काहीतरी होतं, निदान आश्चर्य होतं. तिने डोक्याची बाजूही ओढली. भिंत आणि पलंग यांच्यात जेमतेम माणूस शिरेल एवढी फट पडली. आत धूळ, एक मोजा, एक तुटका कंगवा. ती आडवी होत आत शिरली आणि गुडघे छातीशी घेऊन जमिनीवर बसली. तिचं तोंड त्याच्या तोंडासमोर आलं.

दाढी वाढली होती, पांढरी होती जागोजागी. कधी झाली पांढरी? ओठांच्या कोपऱ्याला चीर पडली होती. आणि डोळे उघडे होते. असे बुडणाऱ्याचे डोळे तिने आयुष्यभर खुर्चीवरून, लांबून पाहिले होते आणि पाहताक्षणी उडी मारली होती, पण इतक्या जवळून, समोरून, ते तिला ठाऊकच नव्हते. त्यांत भीती नव्हती. भीती असती तर बरं झालं असतं. तिने मान ताठ केली, खांदे घट्ट केले, आणि मिठीची वाट बघितली. आता तो धरील. गळा धरील, केस धरील, खाली ओढील. तिचं सगळं अंग त्याची वाट बघत होतं, आणि तिने ठरवलं, आज वाकायचं नाही, सुटायचं नाही, जाऊ या खाली तर खाली.

त्याने हात उचललाच नाही.

तो नुसता बघत होता. त्याचा हात तिच्या गुडघ्यापाशी, पलंगाच्या कडेवरून लोंबत होता, बोटं सैल. तिने वाट बघितली. फ्रिज घरघरून बंद पडला, पुन्हा सुरू झाला. मग तिला कळलं की जो समोर येणाऱ्याला धरतो त्याला अजून वर यायचं असतं, आणि मास्तरांनी शिकवलं ते फक्त त्याच्याबद्दल. जो धरत नाही त्याचं काय करायचं हे त्यांनाही माहीत नव्हतं. कुणालाच माहीत नसावं. ती इथवर आली होती, भिंत फोडल्यासारखी आत घुसली होती, आणि आता तिच्याकडे एकही डाव नव्हता. तिने त्याचा हात उचलून आपल्या खांद्यावर ठेवला. तो घसरला. पुन्हा ठेवला, वरून आपल्या हाताने दाबून धरला.

"धर ना रे," ती म्हणाली. आवाज तिचा तिलाच ओळखू आला नाही. "मी हात काढणार नाही. मला काही सांगता येत नाही तुला, चांगलंबिंगलं, मला पोहण्याशिवाय काही आलंच नाही कधी. घाबरत होते मी. तुला सगळ्यात जास्त."

त्याच्या पापण्या हळूहळू खाली यायला लागल्या.

"नाही. मिटू नकोस. टिल्लू! बघ माझ्याकडे." तिने त्याची हनुवटी वर धरली, पण समोरून. "तू शर्ट दिलेस. मला कळतं त्याचा अर्थ, तुलाही कळतो. मी डॉक्टर नाही, कुणी नाही, मी विचारतेय. उद्या सकाळी तू असणार आहेस की नाही? 'बरं' नको म्हणूस मला, 'बघू' नको म्हणूस. हो म्हण, नाहीतर नाही म्हण, पण माझ्या तोंडाकडे बघून म्हण. मी इथून उठत नाही. असणार आहेस का? बोल."